विश्लेषण : मीटर बसला, पाइप आला, तरी गॅस का नाही? घरगुती पाइपगॅसची जोडणी नेमकी कशी मिळते?

इमारतीच्या मागच्या भिंतीवर पिवळे पाइप चढले, स्वयंपाकघरात मीटर बसला, ठेवीची रक्कमही भरून झाली. पण शेगडी अजून सिलिंडरवरच सुरू आहे. पाइपगॅससाठी अर्ज केलेल्या अनेक सोसायट्यांमध्ये हे चित्र दिसते. ‘काम झाले’ असे घरातल्यांना वाटते, तेव्हा प्रत्यक्षात बरेच काम बाकी असते. ही जोडणी कोणत्या टप्प्यांतून जाते, पैसे कशाचे लागतात, विलंब कुठे होतो आणि घाईत ठरवलेल्या पाइपच्या जागेचा पुढची अनेक वर्षे सुरक्षिततेशी कसा संबंध राहतो, याचा हा आढावा.

सिलिंडर आणि पाइपमधील गॅस वेगळा कसा?

सिलिंडरमध्ये असतो एलपीजी. प्रोपेन आणि ब्युटेन यांचे हे मिश्रण दाबाखाली द्रवरूपात भरलेले असते. पाइपमधून येतो तो नैसर्गिक वायू, म्हणजेच पीएनजी. त्यात मुख्यतः मिथेन असतो आणि तो वायुरूपातच घरापर्यंत येतो. दोन्हींना ‘गॅस’च म्हटले जात असले, तरी स्वयंपाकघरात त्यांचे वागणे एकमेकांच्या उलट असते.

एलपीजी हवेपेक्षा जड आहे. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. नैसर्गिक वायू हवेपेक्षा बराच हलका आहे. तो वर चढतो आणि छताजवळ जमू शकतो. त्यामुळे सिलिंडर असलेल्या घरात खालच्या बाजूची हवा खेळती असणे महत्त्वाचे, तर पाइपगॅसच्या घरात वरच्या बाजूची. हवेत मिथेनचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झाले की ठिणगी पडताच ते मिश्रण पेट घेऊ शकते. वर झरोका किंवा जाळी उघडी असेल, तर वायू बाहेर निघून जातो आणि हे प्रमाण गाठले जाण्याची शक्यता कमी होते.

दोन्ही वायूंना स्वतःचा ओळखू येण्याजोगा वास नसतो. गळती लगेच कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन वर्गातील उग्र वासाचे रसायन अल्प प्रमाणात मिसळले जाते. कुजलेल्या कोबीसारखा जो वास येतो, तो या रसायनाचा.

ग्राहकाला कंपनी निवडता येते का?

नाही. देशातील शहर गॅस वितरणाचे नियमन पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ करते. २००६ च्या कायद्यानुसार हे मंडळ स्थापन झाले. मंडळ देशाचे भौगोलिक विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी एका कंपनीला परवानगी देते. मुंबई, ठाणे परिसर आणि रायगडमध्ये १९९५ मध्ये स्थापन झालेली महानगर गॅस, तर पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नाशिकमध्ये २००६ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र नॅचरल गॅस ही कंपनी पुरवठा करते. कोल्हापुरात एचपी ऑइल गॅस आहे. गोव्यातही उत्तर आणि दक्षिण जिल्ह्यांसाठी कंपन्या वेगळ्या आहेत.

म्हणजे सिलिंडरची एजन्सी बदलावी तशी पाइपगॅसची कंपनी बदलता येत नाही. अर्ज करण्याआधी पाहायचे ते एवढेच, की आपला भाग कोणत्या कंपनीकडे आहे आणि आपल्या रस्त्यापर्यंत तिची वाहिनी आली आहे का. शहर कंपनीच्या क्षेत्रात आहे म्हणून प्रत्येक गल्लीत वाहिनी असतेच असे नाही. वाहिनी आली असली, तरी तिच्यात गॅस सोडलेला असेलच असेही नाही. हा दुसरा प्रश्न कंपनीच्या प्रतिनिधीला स्पष्ट शब्दांत विचारावा, कारण पैसे भरल्यापासून शेगडी पेटेपर्यंतचा काळ बऱ्याचदा याच उत्तरावर अवलंबून असतो.

गॅस स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो कसा?

दूरवरून येणाऱ्या मुख्य वाहिनीतील गॅस शहराच्या वेशीवरील ‘सिटी गेट स्टेशन’मध्ये येतो. तिथे त्याचा दाब कमी केला जातो, मोजमाप होते आणि वास मिसळला जातो. पुढे तो जाड पोलादी वाहिन्यांतून शहरात फिरतो. वस्त्यांजवळच्या दाबनियंत्रक केंद्रांत त्याचा दाब साधारण ४ बारपर्यंत उतरवला जातो. तिथून गल्लीबोळांत जमिनीखालून जातात ते पॉलिथिलीनचे पाइप. रस्त्याच्या कडेला खणलेल्या चरात दिसणारी पिवळी किंवा नारिंगी वेटोळी ती हीच.

इमारतीजवळच्या रेग्युलेटरवर दाब सुमारे १०० मिलीबार होतो. भिंतीवर चढणारा लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेला पिवळा पाइप म्हणजे ‘रायझर’. त्याच्यापासून प्रत्येक घरात फाटा येतो. मीटरजवळच्या छोट्या रेग्युलेटरवर दाब शेवटचा कमी होतो आणि शेगडीला गॅस मिळतो तो फक्त २१ मिलीबारला. पाण्याच्या सुमारे २१ सेंटिमीटर उंच स्तंभाचा जेवढा दाब, तेवढाच हा दाब असतो. सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून निघणाऱ्या गॅसचा दाब साधारण ३० मिलीबार असतो. हा फरक पुढे शेगडी बदलताना महत्त्वाचा ठरतो.

अर्ज एकट्याचा की सोसायटीचा?

अर्ज प्रत्येक सदनिकेचा स्वतंत्र असतो, पण काम सोसायटीचे असते. सोसायटीचे आवार खणायचे, सामाईक भिंतीवर रायझर चढवायचा, तळमजल्यावरच्या अंगणातून किंवा पार्किंगमधून पाइप न्यायचा, यासाठी व्यवस्थापन समितीचे ना हरकत पत्र लागते. इमारतीतील दोन-तीन घरांसाठीच रायझर उभारणे कंपनीला परवडत नाही. त्यामुळे पुरेशा घरांनी नोंदणी केल्याशिवाय काम सहसा सुरू होत नाही.

सर्वसाधारण सभेत हा विषय अडतो तो बहुतेक वेळा तीन मुद्द्यांवर. आवारातील नव्या फरशा किंवा पेव्हर ब्लॉक उखडले तर पूर्ववत कोण करणार, दर्शनी भिंतीवर पाइप दिसणार का आणि सिलिंडरवरच राहू इच्छिणाऱ्या सभासदांचे काय. पहिल्या दोन मुद्द्यांची उत्तरे कंपनीकडून लेखी घ्यावीत आणि मार्गाचा कच्चा आराखडा समितीने पाहून त्यावर सही करावी. तिसऱ्या मुद्द्यावर वाद घालण्याचे कारण नाही. रायझर एकदा उभा राहिला की उरलेल्या घरांना नंतरही फाटा घेता येतो, मात्र तेव्हा कामगार पुन्हा बोलवावे लागतात आणि वेळ लागतो.

इमारतीला रंग द्यायचा असेल, तर आधी गॅसची लाइन आणि मग रंग, हा क्रम ठेवावा. उंच इमारतीत रायझरसाठी परांची बांधावी लागते किंवा कामगार दोरावर उतरतात. भिंतीला क्लॅम्पसाठी भोके पडतात. ताज्या रंगावर हे काम झाले, तर ठिगळे दिसत राहतात आणि त्या भोकांतून पावसाळ्यात ओलही येऊ शकते.

कागदपत्रे कोणती आणि पैसे कशाचे?

ओळखपत्र, पत्त्यासाठी वीजबिल आणि मालकीसाठी इंडेक्स-२, मालमत्ता कराची पावती किंवा सोसायटीचे भागपत्र, एवढ्यावर सहसा भागते. भाडेकरूला घरमालकाचे संमतीपत्र जोडावे लागते. जोडणी मालकाच्या नावावर घ्यावी की भाडेकरूच्या, हे आधीच ठरवावे. ज्याच्या नावावर ठेव, त्यालाच ती परत मिळते.

भरायच्या रकमेत साधारणतः दोन प्रकार असतात. पहिला, परत मिळणारी बिनव्याजी ठेव. ही पाइप व मीटर यांच्यासाठी आणि गॅसच्या वापरासाठी घेतली जाते. दुसरा, परत न मिळणारे शुल्क. त्यात नोंदणी, ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त लागलेला पाइप, जादा जोडबिंदू आणि पुढे कधी मीटर हलवला तर त्याचा खर्च येतो. काही कंपन्या ठेव हप्त्यांत भरण्याची सोय देतात. रक्कम कंपनीनुसार आणि योजनेनुसार बदलते. म्हणून ‘एकूण किती?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘यातले परत किती मिळणार?’ हेही विचारावे आणि पावतीवर तशी नोंद आहे का ते पाहावे.

घरी आलेल्या कामगाराच्या हातात रोख रक्कम देऊ नये. जादा पाइपचे पैसे असोत वा गिझरच्या जोडबिंदूचे, ते कंपनीच्या पावतीवर किंवा बिलातूनच द्यावेत.

पाइप कुठून न्यायचा, हा निर्णय एवढा महत्त्वाचा का?

सर्वेक्षणासाठी आलेला प्रतिनिधी दहा-पंधरा मिनिटांत मार्ग सांगतो. त्या वेळी घरात जो असेल तो होकार देतो आणि पुढची अनेक वर्षे त्या होकाराबरोबर राहावे लागते. घरातील पाइप नंतर हलवता येतो, पण त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे आणि तेवढा काळ बंद शेगडी. स्वतःच्या प्लंबरकडून तो हलवून घेणे तर धोक्याचे आणि नियमबाह्यही.

मीटर आणि पाइप यांच्याबाबत साधे सूत्र आहे. ते डोळ्यांना दिसले पाहिजेत, हाताला लागले पाहिजेत आणि त्यांच्याभोवती हवा खेळली पाहिजे. गोंधळ होतो तो इथेच. पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींत मीटर अनेकदा ड्राय बाल्कनीत बसतो. बसवताना ती उघडी असते. वर्षभरात तिला सरकत्या काचा लागतात, मग कपाट येते आणि शेवटी ‘मीटर दिसायला बरा नाही’ म्हणून त्याच्यावर दार बसते. आतल्या पाइपचे तेच होते. मॉड्युलर किचन करताना तो खणाच्या मागे जातो, फॉल्स सीलिंग करताना छताच्या पोकळीत. गळती झालीच, तर वर चढणारा हा वायू नेमका त्याच बंद पोकळीत साचतो आणि त्याचा वास घरात उशिरा येतो.

म्हणून घराचे नूतनीकरण ठरलेले असेल, तर ओट्याचा आणि खणांचा नकाशा हाताशी ठेवूनच सर्वेक्षण करून घ्यावे. शेगडीची जागा, फ्रिज आणि विजेचे बोर्ड कुठे येणार आहेत, हे तेव्हाच सांगावे. शेगडीजवळचा व्हॉल्व्ह पेटत्या बर्नरच्या पलीकडे नको. भांडे पेटले, तर ज्वाळेवरून हात नेऊन तो बंद करावा लागेल. स्वयंपाकघरातील वरची जाळी किंवा झरोका धूळ येते म्हणून बंद करण्याची सवय असते. पाइपगॅस घेतल्यावर ती सोडावी लागते.

मग विलंब होतो कुठे?

घरातले काम सहसा एका दिवसाचे असते. विलंब होतो तो बाहेर. रस्त्यावरील मुख्य वाहिनीपासून सोसायटीच्या फाटकापर्यंतचे अंतर भले वीस मीटर असो, रस्ता खोदायला महापालिकेची परवानगी लागते आणि रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क कंपनीला भरावे लागते. पावसाळ्याच्या तोंडावर खोदाईच्या परवानग्या थांबतात आणि पाऊस ओसरल्यावरच पुन्हा सुरू होतात. मे महिन्यात कागदपत्रे पूर्ण करणाऱ्या सोसायटीचे काम त्यामुळे सहज चार-पाच महिने पुढे जाऊ शकते. रस्ता नुकताच काँक्रीटचा झाला असेल, तर परवानगी मिळणे आणखी कठीण.

दुसरा विलंब असतो तो चाचणीचा. पाइप जोडून झाल्यावर त्यात हवा भरून दाब टिकतो का, हे पाहिले जाते. मापकावरचा काटा उतरला, तर कुठेतरी गळती आहे, असा अर्थ होतो आणि जोड पुन्हा करावे लागतात. घरात कोणी नसेल, तर त्या घराचे काम मागे पडते. समितीने कामाच्या तारखा फलकावर लावल्या आणि बाहेरगावी असलेल्यांच्या किल्ल्यांची सोय केली, तर बरेच दिवस वाचतात.

गॅस सुरू होण्याच्या दिवशी काय होते?

या टप्प्याला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. मीटर बसणे आणि गॅस सुरू होणे, या दोन वेगळ्या तारखा असतात, त्या याच कारणाने. कंपनीचा तंत्रज्ञ आधी पाइपमधील हवा बाहेर काढतो, साबणाचे पाणी लावून जोड तपासतो आणि मग शेगडीकडे वळतो.

सिलिंडरची शेगडी जशीच्या तशी पाइपला जोडता येत नाही. सारख्याच आकारमानाच्या एलपीजीत नैसर्गिक वायूच्या जवळपास अडीच पट उष्णता असते, शिवाय पाइपमधील दाबही कमी. तेवढीच आच मिळवायची, तर जास्त वायू सोडावा लागतो. त्यासाठी बर्नरखालचा जेट बदलतात किंवा त्याचे छिद्र मोठे करतात. हे न केल्यास ज्योत मिणमिणती राहते आणि ‘पाइपगॅसला आच नाही’ अशी तक्रार सुरू होते. याच्या उलट चूक जास्त घातक आहे. पाइपसाठी बदललेली शेगडी गावी नेऊन सिलिंडरला जोडली, तर मोठ्या छिद्रातून एलपीजी भसाभस बाहेर पडतो आणि पिवळी, उंच ज्वाळा उठते. अशी शेगडी कोणाला देताना हे सांगितलेच पाहिजे.

ओट्यात बसवलेल्या काचेच्या हॉबला त्या-त्या उत्पादकाचे जेट लागू शकतात आणि ते बाहेरच्या माणसाने बदलल्यास वॉरंटीचा प्रश्न येतो. त्यामुळे ठरलेल्या तारखेआधी उत्पादकाच्या सेवाकेंद्राला विचारलेले बरे. तंत्रज्ञ जाण्यापूर्वी प्रत्येक बर्नर मंद आणि मोठ्या आचेवर पेटवून पाहावा. ज्योत निळी आणि स्थिर हवी. ती पिवळी असेल, उडत असेल किंवा भांड्याचे बूड काळे पडत असेल, तर शेगडीचे काम पुन्हा करून घ्यावे.

सिलिंडरचे पुढे काय करायचे?

पाइपगॅस सुरू झाल्यावर घरगुती एलपीजीची जोडणी एजन्सीकडे जमा करायची असते. रिकामे किंवा भरलेले सिलिंडर, रेग्युलेटर, गॅसचे पुस्तक आणि जोडणी घेताना मिळालेले सबस्क्रिप्शन व्हाउचर घेऊन गेल्यास व्हाउचरवर नोंदलेली ठेव परत मिळते. जोडणी फार जुनी असेल, तर ही रक्कम किरकोळ असते, कारण ठेव मूळ दरानेच परत होते. व्हाउचर हरवले असेल, तर एजन्सी प्रतिज्ञापत्र मागू शकते.

‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून सिलिंडर ओट्याखाली ठेवून देणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्यात नियमाचा प्रश्न आहेच, शिवाय एकाच स्वयंपाकघरात जड आणि हलका असे दोन्ही वायू राहतात. पाइपचा पुरवठा क्वचित बंद पडतो हे खरे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत ट्रॉम्बे परिसरात मुख्य वाहिनीचे नुकसान झाले, तेव्हा सीएनजी पंपांवर रांगा लागल्या. घरगुती ग्राहकांचा पुरवठा मात्र प्राधान्याने सुरू ठेवण्यात आला. गल्लीत जेसीबीचा फटका वाहिनीला बसला, तर काही तास शेगडी बंद राहू शकते. अशा वेळेसाठी विजेवरची इंडक्शन शेगडी हा सोपा पर्याय आहे.

बिल कसे येते आणि ते परवडते का?

सिलिंडरचे पैसे आधी, पाइपचे नंतर, हा पहिला फरक. बिल बहुतेक ठिकाणी दोन महिन्यांनी येते. मीटर घनमीटरमध्ये वापर मोजतो. मीटरवरील काळे आकडे पूर्ण घनमीटरचे, तर लाल आकडे दशांशातील भागाचे असतात. रीडिंग घेणारा आला तेव्हा घर बंद असेल, तर सरासरीवर बिल निघते आणि फरक पुढच्या बिलात येतो. मीटरचा फोटो काढून स्वतः रीडिंग पाठवण्याची सोय असेल, तर ती वापरावी.

तुलनेसाठी एक हिशेब लक्षात ठेवता येतो. १४.२ किलोच्या एका सिलिंडरइतकी उष्णता साधारण १७ ते १८ घनमीटर पाइपगॅसमधून मिळते. म्हणून आपल्या सिलिंडरच्या किमतीला १७.५ ने भागावे आणि उत्तराची पाइपगॅसच्या प्रति घनमीटर दराशी तुलना करावी. समजा, सिलिंडर ८७५ रुपयांना मिळत असेल, तर भागाकार ५० येतो. पाइपगॅसचा सर्व करांसह दर ५० रुपयांपेक्षा कमी असेल, तर पाइप स्वस्त. जास्त असेल, तर सिलिंडर. ज्यांना अनुदान मिळते, त्यांनी ते वजा करून हिशेब करावा. बिलात किमान आकार असेल, तर एकट्या-दुकट्याच्या घरात तोही धरावा लागतो.

दर बदलतात का, तर हो. नैसर्गिक वायू जीएसटीच्या बाहेर आहे आणि त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून हा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. देशातील जुन्या क्षेत्रांतून निघणाऱ्या वायूची किंमत एप्रिल २०२३ पासून कच्च्या तेलाच्या दराशी जोडली असून तिला किमान आणि कमाल मर्यादा आहे. हा तुलनेने स्वस्त वायू घरगुती वापर आणि सीएनजी यांना प्राधान्याने दिला जातो. तो कमी पडल्यास कंपनीला महाग वायू घ्यावा लागतो आणि दर वाढतात.

गॅस गिझर लावावा का?

पाइप आला की गिझरसाठी वेगळा जोडबिंदू घेण्याचा मोह होतो. तो घेता येतो, पण गिझर न्हाणीघराच्या आत नको. बंद न्हाणीघरात गॅस जळताना तेथील प्राणवायू कमी होतो, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अंघोळीला गेलेली व्यक्ती बेशुद्ध पडून दगावल्याच्या घटना महाराष्ट्रात दर हिवाळ्यात वाचायला मिळतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

इथे एक समज मोडायला हवा. ‘गळती झाली तर वास येईलच’ हे गळतीपुरते खरे आहे. गॅस जळून गेल्यावर त्यातले वासाचे रसायनही जळून जाते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, डोळ्यांची आगही होत नाही. म्हणून गिझर उघड्या बाल्कनीत किंवा मोकळ्या हवेच्या जागी असावा आणि त्याचा धूर बाहेर जाण्याची नळी बसवलेली असावी. आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा.

वास आला तर पहिले काय करायचे?

विजेचे एकही बटण दाबायचे नाही. चालू करायचे नाही आणि बंदही करायचे नाही. एक्झॉस्ट फॅन किंवा चिमणी सुरू करून गॅस बाहेर घालवण्याचा प्रयत्न तर मुळीच नको, कारण ठिणगी तिथेच पडू शकते. शेगडीजवळचा आणि मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांना घेऊन बाहेर पडावे आणि फोन बाहेरून करावा.

फोन कुठे करायचा, यातही गफलत होते. १९०६ हा एलपीजी गळतीसाठीचा मदत क्रमांक आहे. पाइपगॅससाठी प्रत्येक कंपनीचा चोवीस तास चालणारा आपत्कालीन क्रमांक वेगळा असतो. तो बिलावर आणि बहुधा मीटरजवळच्या स्टिकरवर छापलेला असतो. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आणि सोसायटीच्या रखवालदाराकडे तो हवा. इमारतीचा पुरवठा तोडणारा व्हॉल्व्ह कुठे आहे, हेही रखवालदाराला दाखवून ठेवावे.

रोजच्या वापरात काळजीच्या गोष्टी मोजक्या आहेत. पाइपवर कपडे वाळत घालू नयेत, त्याला दोरी बांधू नये आणि कोणत्याही उपकरणाचे अर्थिंग त्याला देऊ नये. शेगडीच्या रबरी नळीवर मुदत छापलेली असते, ती पाहून नळी बदलावी. समुद्राकाठच्या गावांत खाऱ्या हवेने रायझरचे क्लॅम्प गंजतात, ते सोसायटीने पावसाळ्यानंतर एकदा पाहावेत. रात्री झोपताना आणि गावी जाताना व्हॉल्व्ह बंद करण्याची सिलिंडरची सवय पाइपवरही चालू ठेवावी.

‘बिल थकले आहे, आज रात्री गॅस बंद होईल’ असा संदेश मोबाइलवर आला, तर त्यातील दुव्यावर बोट ठेवू नये आणि सोबत आलेले अ‍ॅप उतरवून घेऊ नये. अशा संदेशांतून बँक खाती रिकामी झाल्याच्या तक्रारी मुंबई-पुण्यात नोंदल्या गेल्या आहेत. बिलाची स्थिती कंपनीच्या अधिकृत अ‍ॅपवर किंवा जुन्या बिलावरील क्रमांकावर तपासावी.

थोडक्यात काय तपासावे?

अर्ज करण्याआधी : रस्त्यापर्यंत वाहिनी आहे का, तिच्यात गॅस सोडला आहे का आणि सोसायटीचे ना हरकत पत्र मिळाले आहे का. 

पैसे भरताना : परत मिळणारे किती, न मिळणारे किती आणि दोन्हींची पावती. 

सर्वेक्षणाच्या दिवशी : निर्णय घेऊ शकणारी व्यक्ती घरात हवी आणि ओट्याचा नकाशा हाताशी हवा. 

गॅस सुरू होताना : निळी ज्योत, तपासलेले जोड, हाताला लागणारा व्हॉल्व्ह आणि वरची उघडी जाळी. 

आणि पुढे कधी घराचे काम काढले, तर सुताराला पहिली सूचना एकच द्यावी : मीटर आणि पाइप झाकायचा नाही.